प्रशासकीय सुधारणा आणि बदलीचा अधिकार : दुसऱ्या आयोगाच्या दहाव्या अहवालाची चिकित्सा

भारतीय नोकरशाहीच्या सुधारणेसाठी आजवर दोन प्रशासकीय सुधारणा आयोग नेमले गेले. १९६६ च्या पहिल्या आयोगाने २०, तर २००५ मध्ये वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुसऱ्या आयोगाने १५ अहवाल सादर केले. शिफारशींची वाण नव्हती; मग सुधारणा अडते कोठे? दुसऱ्या आयोगाचा कार्मिक प्रशासनावरील दहावा अहवाल (२००८) या दृष्टीने तपासणे उद्बोधक ठरते.

सेवाज्येष्ठतेपेक्षा कार्यक्षमतेला महत्त्व देणे हे या अहवालाचे बलस्थान होय. १४ व २० वर्षांच्या सेवेनंतर मूल्यमापन करावे, दुसऱ्या मूल्यमापनात अपात्र ठरणाऱ्यांची सेवा संपवावी, वरिष्ठ नेमणुकांबाबत शिफारस करण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे आणि या साऱ्यास नागरी सेवा कायद्याचा आधार द्यावा, अशी ही मांडणी आहे. तथापि असा कायदा अद्याप झालेला नाही. तो करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याच बदली-नियुक्तीच्या सत्तेला तो मर्यादा घालणारा आहे. या विरोधाभासाचा पुरेसा विचार अहवालात आढळत नाही.

पुढील घडामोडी हेच दर्शवितात. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान कार्यकाळ व नागरी सेवा मंडळांबाबत निर्देश दिले. २०१४ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेच्या संवर्ग नियमांत दोन वर्षांच्या किमान कार्यकाळाची तरतूद झाली. परंतु कारणे नोंदवून मंडळाची शिफारस डावलण्याची मुभा राहिली. शिवाय राज्यातील मंडळाचे अध्यक्ष असलेले मुख्य सचिव स्वतःच्या पदासाठी मुख्यमंत्र्यांवर अवलंबून असतात. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमातही तीन वर्षांच्या कार्यकाळाला ‘विशेष कारणां’चा अपवाद आहेच. अपवादाची वाट मोकळी असेल, तर नियम कागदावरच राहतो.

येथे क्रमाचा प्रश्न निर्णायक ठरतो. कार्यकाळाची हमी नसताना सेवा संपविण्याचा अधिकार दिल्यास तो अकार्यक्षमतेवरील उपाय न राहता दबावाचे आणखी एक साधन होण्याची शक्यता असते. नियमबाह्य आदेशास लेखी नकार देणारा अधिकारीच त्याचा पहिला बळी ठरेल. चौथ्या अहवालात (२००७) घटनेचा ३११ वा अनुच्छेद वगळण्याची शिफारस करणाऱ्या आयोगाने हा धोका अधिक गांभीर्याने विचारात घेणे आवश्यक होते.

सारांश, उत्तरदायित्व आणि संरक्षण ही प्रशासकीय सुधारणेची दोन अंगे आहेत. त्यांपैकी संरक्षण आधी सिद्ध झाल्याशिवाय उत्तरदायित्वाची भाषा न्याय्य ठरत नाही.