सदतीस पैसे शिल्लक

वाणिज्य शाखेने जगाला फारसं काव्य दिलं नाही, हे आम्हा बी. कॉम. मंडळींना मान्य आहे. पण एक शब्द मात्र असा दिला की त्यापुढे भल्याभल्या कवींनी लेखणी खाली ठेवावी : घसारा. वस्तू नुसती जागच्या जागी बसून राहिली तरी वर्षागणिक तिची किंमत झिजते, हे सत्य संतांनी देहाला लावलं आणि आयकर खात्याने संगणकाला. देहाचा दर संतांनी सांगितला नाही. संगणकाचा आणि सॉफ्टवेअरचा दर सालीना ४० टक्के, तोही घटत्या शिलकीवर. गंमत अशी की घटत्या शिलकीच्या पद्धतीत किंमत शून्य म्हणून कधी होतच नाही. दहा हजारांची वस्तू वीस वर्षांनी सदतीस पैशांची उरते, पण उरते! आणि त्या सदतीस पैशांचं करायचं काय, हा प्रश्नही उरतो.

सध्या आमच्या घरात हा प्रश्न गाणी वाजवणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या बाबतीत उभा आहे. वाचकांपैकी ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात खुलासा करतो. घरातल्या एका संगणकावर सगळी गाणी ठेवायची आणि ती स्वयंपाकघरात, हॉलमध्ये, बाल्कनीत, जिथे हवी तिथे वाजवून घ्यायची, म्हणजे मीडिया सर्व्हर. रोखपाल एक, खिडक्या अनेक. आमचा रोखपाल पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका रास्पबेरी पाय संगणकात राहतो आणि तो संगणक गोदरेजच्या कपाटावर, जुन्या रद्दीशेजारी. चिरंजीवांचं मत आहे की दोघांना एकाच वेळी खाली काढावं.

"बाबा, हे सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा मोठं आहे हो!" असं तो म्हणतो. वयाने मोठं असणं हा आमच्या लहानपणी गुण होता.

आधी आरोपीची कुळकथा. इसवी सन २००० मध्ये कॅलिफोर्नियात शॉन अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थाने स्लिम डिव्हायसेस ही कंपनी काढली. संगणकातली गाणी जाळ्यावरून दिवाणखान्यातल्या स्पीकरपर्यंत पोचवणारी डबी तिने विकायला आणली आणि त्या डबीला गाणी पुरवायला पर्ल भाषेत लिहिलेला सर्व्हर फुकट दिला. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली. २०१२ मध्ये लॉजिटेकने त्या डब्या बनवणंच बंद केलं. मधल्या काळात सॉफ्टवेअरचं नाव आधी स्लिमसर्व्हर, मग स्क्वीझसेंटर, मग स्क्वीझबॉक्स सर्व्हर, मग लॉजिटेक मीडिया सर्व्हर आणि २०२४ पासून लिरियन म्युझिक सर्व्हर. एवढी नावं ऐकून कोणी दचकेल. मी बँकेत काम करतो, मी दचकत नाही. १ एप्रिल २०२० ला एका दिवसात सहा सरकारी बँका दुसऱ्या चार बँकांत विलीन झाल्या. पासबुकावरचं नाव बदललं, पण कोणाची शिलक बदलली नाही. नाव बदललं की लोक पाटीकडे बघतात. बघायचं असतं शिलकेकडे.

आता गुणदोष. प्रथम दोष, कारण ते मोजायला बोटं पुरतात. फक्त पायांचीही धरावी लागतात.

पहिला दोष रूपाचा. ब्राउझरमध्ये उघडलं की याचं मूळ रूप एखाद्या तालुक्याच्या गावच्या सब-रजिस्ट्रार कचेरीसारखं दिसतं. सगळं आहे, पण कुठे आहे ते तिथल्या शिपायालाच माहीत. मटेरिअल नावाचा नवा पेहराव काही भल्या माणसांनी फुकट शिवून दिला आहे, तो चढवला म्हणजे चारचौघांत नेता येतं. दुसरा दोष, याला चित्रपट दाखवता येत नाहीत. गाण्यापलीकडे त्याने संसार वाढवलाच नाही. तिसरा दोष गंभीर आहे आणि तो संस्काराचा आहे. अकारविल्हे यादी लावताना हे सॉफ्टवेअर इंग्रजी 'द' आणि स्पॅनिश 'एल', 'ला' हे शब्द सौजन्याने गाळतं. 'द बीटल्स' बरोबर 'बी'मध्ये सापडतात. पण 'पंडित' आणि 'उस्ताद' गाळायचे असतात हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. परिणामी भीमसेन, कुमार आणि जसराज हे सगळे 'पी'च्या एकाच बाकावर दाटीवाटीने बसतात. यावर इलाज आहे. कोणते शब्द गाळायचे याची एक चौकट सेटिंगमध्ये असते, तीत आपण 'पंडित' लिहिलं की झालं. पदव्या एका चौकटीत गाळून माणूस त्याच्या नावाने ओळखायची सोय समाजातही हवी होती, असं मला राहून राहून वाटतं.

चौथा दोष सर्वांत मराठी. गीतरामायण घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून छप्पन गीतं प्रसारित झाली. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि गाणारे कंठ अनेक. पाश्चात्त्य सॉफ्टवेअरला एक अल्बम म्हणजे एक कलाकार हा हिशेब ठाऊक. कंठ अनेक दिसले की ते सगळ्यांना 'निरनिराळे कलाकार' या धर्मशाळेत उतरवतं. संगीतकाराला वेगळा खाना मिळतो. कवीला मात्र वर्षानुवर्षे पंगतीत पाटच नव्हता. आपल्याकडे गाणं आधी कवीचं असतं हे कॅलिफोर्नियाला कोण सांगणार?

हे झाले दोष. गुण थोडे आहेत, पण ठेवीसारखे आहेत. हॉल आणि स्वयंपाकघर दोन्हीकडे एकच तान एकाच क्षणी पोचते. मध्ये भिंत आहे हे गाणाऱ्याला कळत नाही. सकाळी सहाला गजर म्हणून नाट्यगीत लावता येतं. इंटरनेट गेलं तरी घरातली गाणी चालू राहतात, आणि आमच्या भागात इंटरनेट जाण्याचं वेळापत्रक पाळण्यात कोणी कसूर करत नाही. आणि मुख्य गुण : हे सॉफ्टवेअर काही सुचवत नाही. 'तुम्हाला हेही आवडेल' असं म्हणत नाही. मागितलं ते देतं आणि गप्प बसतं. खिडकीपलीकडचा माणूस असा असावा, असं ग्राहक आमच्याबद्दल म्हणतच असतात.

चिरंजीवांनी सुचवलेले उमेदवारही मी निःपक्षपातीपणे तपासले. प्लेक्स देखणा आहे, चित्रपट दाखवतो, घराबाहेरूनही हाताळता येतो. पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या आजीव वर्गणीचा दर १२० डॉलरांवरून एकदम २५० वर गेला आणि घराबाहेरून स्वतःचे चित्रपट पाहणंही फुकटचं राहिलं नाही. शिवाय २०१९ पासून तो जाहिरातींसह आपल्या पदरचे चित्रपटही दाखवतो. म्हणजे आपल्याच फडताळात डबा शोधायला जावं आणि दारात फेरीवाला बसलेला असावा. कंपनीला पोट आहे, तिने वर्गणी घ्यावी. फक्त भाडेकरू कोण आणि मालक कोण, हे अधूनमधून तपासावं लागतं. दुसरा उमेदवार जेलीफिन, फुकट आणि मोकळा. ज्यांच्या घरी चित्रपटांचा साठा आहे त्यांनी डोळे मिटून त्याच्याकडे जावं. आमच्याकडे चित्रपट नाहीत. आमच्याकडे गाणी आहेत, आणि त्यांत चौदा कॅसेटी.

या चौदा कॅसेटी बाजारात कुठे मिळायच्या नाहीत. वडील रेल्वेत होते. कॉलनीच्या गणेशोत्सवात दरवर्षी गायचे, आणि एक सहकारी ते टेपवर घ्यायचे. आवाज साधा, सूर बहुधा बरोबर, ताल तबलजीच्या मर्जीवर. प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला ते माइकवर विचारतात, "आवाज येतोय का?" वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली. सकाळी स्वयंपाकघरात ती ओळ लागली की आई फोडणी टाकता टाकता म्हणते, "येतोय." आम्ही कोणी त्यावर बोलत नाही.

त्यांचं नाव 'व'वरून सुरू होतं. त्यामुळे अकारविल्हे यादीत ते नेमके वसंतराव देशपांड्यांच्या शेजारी बसतात, मांडीला मांडी लावून. ज्या गवयासाठी त्यांनी रांगेत उभं राहून तिकिटं काढली, त्याच्या शेजारी! हा मान त्यांना कोणत्याही लोकप्रियतेच्या यादीत मिळाला नसता. ज्याला आम्ही या सॉफ्टवेअरचं अडाणीपण म्हणतो, त्या अडाणीपणानेच हा न्याय केला आहे. त्याला थोर कोण आणि हौशी कोण हे कळत नाही; त्याला फक्त मुळाक्षरं येतात.

म्हणून प्रश्न सदतीस पैशांचा नाही. वय हे चुकीचं परिमाण आहे. आमच्या धंद्यात खातं जुनं असणं वेगळं आणि निष्क्रिय असणं वेगळं. पन्नास वर्षांचं खातं चालू असू शकतं आणि पाच वर्षांपूर्वीचं मेलेलं. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बचत खातं निष्क्रिय होतं. सॉफ्टवेअरला हीच कसोटी लावावी : कोणी त्याच्या चुका अजून दुरुस्त करतंय का? लिरियनच्या करतात; कंपनी निघून गेली, वापरणारे राहिले. मार्च २०२४ मध्ये लॉजिटेकने आपली इंटरनेटवरची सेवा बंद केली, तेव्हा घरचे सर्व्हर वाजतच राहिले.

दुसरी कसोटी, ठेव कोणाच्या नावावर? गाणी साध्या फायलींत, आपल्याच फोल्डरमध्ये असली तर सॉफ्टवेअर उद्या गेलं तरी आपण सही करून बाहेर पडू शकतो. तिसरी, वारस कोण? मायक्रोसॉफ्टचं विंडोज मीडिया सेंटर २००२ मध्ये आलं, २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याला घेतलंच नाही. इतक्या मोठ्या घराण्याचं, पण मूळ लिखाण कंपनीच्या तिजोरीत. दत्तक घ्यायला कोणाला मुभा नव्हती. उलट डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीने आपलं लिखाण बंद केलं, तेव्हा आधीच्या खुल्या प्रतीवरून त्याच महिन्यात जेलीफिन उभं राहिलं. ज्याचं लिखाण खुलं, त्याला वारस मिळतो. लिरियनचं लिखाण पहिल्यापासून खुलं आहे.

तिन्ही कसोट्यांवर उतरलं तर जुनं ठेवावं. एका जरी नापास झालं तरी भावनेत न पडता काढावं. सवयीचं नाव निष्ठा ठेवून चालत नाही.

तेव्हा आमच्या घरचा ठराव असा. सॉफ्टवेअर राहील. नवी आवृत्ती आली की चढवली जाईल. इंटरनेटच्या चव्हाट्यावर त्याचा दरवाजा उघडला जाणार नाही. म्हाताऱ्याला रात्री एकट्याला बाहेर पाठवू नये. चौदा कॅसेटींच्या नकला तीन ठिकाणी राहतील : कपाटावर, दुसऱ्या डिस्कवर, आणि नाशिकला बहिणीकडे. दरवर्षी ३१ मार्चला तिन्ही कसोट्या पुन्हा लावल्या जातील, कारण त्या दिवशी आम्ही तसेही जागेच असतो.

ठरावाला आईचं अनुमोदन मिळालं. सौ.नी रद्दी काढण्याच्या अटीवर पाठिंबा दिला. चिरंजीवांनी विरोधी मत नोंदवलं आणि खालच्या बाजूला स्वतःहून लिहिलं, "नाशिकची डिस्क मी घेऊन जाईन." वारसाचा रकाना भरल्यामुळे आम्ही कागद फाइल केला.