टोपणनांवाआडचा लेखक

लेखकाचें खरें नांव कोणतें, हा प्रश्न टीकाकाराच्या कक्षेंत येतो काय, याविषयीं आमच्याकडे फारसा विचार झालेला दिसत नाहीं. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज हीं नांवें आपल्या जिभेवर इतकीं रुळलीं आहेत कीं, त्यांच्याआड कोणी दडलें होतें असें आपल्या मनांतहि येत नाहीं. आणि वस्तुतः तेथें दडण्याचा हेतु फारसा नव्हताच. तीं नांवें म्हणजे अलंकार होते. परंतु १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नांवानें प्रसिद्ध झालें, तेव्हां तें नांव अलंकार नव्हे, चिलखत होतें. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित स्त्रियांच्या मनाची कुचंबणा त्यांत उघडपणें मांडलेली होती. आणि पुस्तकाइतकीच चर्चा झाली ती 'ही बाई कोण?' याची. ती बाई म्हणजे मालतीबाई बेडेकर, त्या वेळच्या बाळूताई खरे, हें आज सर्वांस ठाऊक आहे. त्या वेळीं ठाऊक असतें, तर तें पुस्तक तितक्या निर्भयपणें लिहिलें गेलें असतें काय?

आज असें लिहूं पाहणारी मुलगी प्रकाशकाकडे जात नाहीं. ती रात्रीं मोबाइलवर कविता लिहिते व कल्पित नांवानें इंटरनेटवर ठेवते. नांव बदललें म्हणजे आपण झांकले गेलों, ही तिची समजूत मात्र भाबडी आहे. खातें उघडतांना दिलेला फोन नंबर, छायाचित्राच्या पोटांत नकळत राहिलेलें स्थळ आणि वेळ, रोजची लिहिण्याची घटका, हीं सर्व त्या नांवामागें उभीं असतात. संदेश एन्क्रिप्ट केला, म्हणजे गुप्तलिपींत बंद केला, तरी कोणीं कोणास केव्हां लिहिलें याची नोंद बहुधा कोठें तरी राहतेच. पाकीट चिकटविलें तरी वरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का वाचतां येतो, तसाच हा प्रकार.

आणि हें सारें टाळलें, तरी भाषा उरते. 'द ककूज कॉलिंग' ही कादंबरी २०१३ च्या एप्रिलांत रॉबर्ट गॅलब्रेथ या नांवानें निघाली; जुलैंत ती जे. के. रोलिंग यांची असल्याचें उघड झालें. गुपित फुटलें तें त्यांच्या वकिलाच्या पेढींतील एका भागीदारानें पत्नीच्या मैत्रिणीपाशीं तें बोलून दाखविल्यामुळें. (गुपितें फुटण्याची ही रीत फार जुनी आहे.) परंतु वृत्तपत्रानें पडताळा घेतला तो भाषेवरून. पॅट्रिक ज्युओला या संगणकशास्त्रज्ञानें शब्दांची लांबी, वारंवार येणारे १०० शब्द, जोडीनें येणारे शब्द मोजून रोलिंगकडे बोट दाखविलें. ठसकेबाज शब्दांनीं हा घात केला नाहीं. 'पण', 'तर', 'मात्र' यांच्या जातीच्या, लेखकाचें स्वतःचेंच लक्ष नसलेल्या क्षुद्र शब्दांनीं केला.

शैली म्हणजेच लेखक, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. त्या वाक्याची ही दुसरी बाजू आमच्या ध्यानांत आली नव्हती.

ओळखणें हा गुन्हा नव्हे. जॉर्ज एलियटचें पहिलें पुस्तक वाचून १८५८ सालीं डिकन्सनें ताडलें कीं, हा हात स्त्रीचा असावा. परंतु त्यानें ती शंका त्या कल्पित नांवासच खासगी पत्र लिहून कळविली. चव्हाट्यावर मांडली नाहीं. ही सभ्यता माझ्या अंगीं नव्हती, हें येथें सांगणें मला भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं इंटरनेटवर निराळ्या नांवाखालीं कांहीं कविता माझ्या वाचण्यांत आल्या. एका विद्यार्थिनीच्या निबंधांत मीं ज्याखालीं दोनदां तांबडी रेघ ओढली होती, तो 'उगीमुगी' हा शब्द तेथें तसाच भेटला. झालें! दुसऱ्या दिवशीं मीं भर वर्गांत तिचें अभिनंदन केलें. माझी रसिकता सर्वांस दिसावी, हाहि हेतु त्यांत नव्हता असें म्हणवत नाहीं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला आहे. परंतु न्यायालयाचा हात माझ्या वर्गापर्यंत कोठून पोंचणार?

ती वार्ता तिच्या घरीं जावयास दोन दिवस लागले. आठवड्याच्या आंत तें खातें बंद झालें. मीं क्षमा मागितली, तेव्हां ती "असूं द्या, सर," एवढेंच म्हणाली. त्या कवितांपैकीं दोन तरी मला अजून चांगल्या वाटतात; त्या आतां कोठेंहि वाचावयास मिळत नाहींत.