ऑक्टोपॅड वाजतो, पण आवाज कोणाचा?

महाड-पोलादपूरकडच्या हळदीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी उभी राहते, तेव्हा दोन जपानी वाद्ये शेजारी शेजारी वाजत असतात. बेंजो, म्हणजे आपला बुलबुलतरंग, मूळचा ताइशोगोतो. गोरो मोरिता यांनी तो नागोयात 1912 साली घडवला. दुसरे वाद्य ऑक्टोपॅड. तो इकुतारो काकेहाशी यांनी 1972 मध्ये काढलेल्या रोलँड कंपनीचा. पहिले वाद्य आपण पुरते आपलेसे केले. त्याला पिकअप लावला, भोंग्यातून कर्कश केले, कोळीगीतांना जुंपले. आज त्यात जपान कोणालाच ऐकू येत नाही. दुसरे मात्र आपण विकत आणले आणि बरेचसे होते तसेच वाजवत राहिलो. काकेहाशींचा वारसा इथे अर्धवट राहिला, असे मला वाटते ते यामुळेच.

1985 च्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. चार-चारच्या दोन ओळींत आठ पॅड. काठी कुठे पडली आणि किती जोराने पडली, एवढाच निरोप तो तारेवाटे दुसऱ्या यंत्राला देई. हा निरोप कोणत्याही कंपनीच्या यंत्राला कळावा म्हणून 1983 मध्ये मिडी ही सामायिक पद्धत आली. अमेरिकेतल्या डेव्ह स्मिथ यांच्याबरोबर काकेहाशी तिच्यामागे होते आणि ती सर्वांना मोफत खुली झाली. थोडक्यात, आघात वादकाचा आणि नाद त्याला हवा तो, ही सोय त्यांनी दिली. आपल्याकडे बहुधा ऐकू येतात ते मात्र नंतरच्या ऑक्टोपॅडमध्ये कारखान्यातून भरून आलेले आवाज: तोच स्नेअर, तीच टाळी, सिनेमातल्या गाण्याचा तोच ठेका.

यावर कोणी म्हणेल, यंत्राने ढोल-टिमकी-सनईचा खालूबाजा मारला, त्याचे काय? मला हा आरोप पटत नाही. महाडला वीरेश्वराच्या छबिन्यात पालख्या येतात, काठ्या नाचतात, तिथे ढोल, टिमकी आणि सनईलाच मान आहे. देवाच्या कामात खालूबाजा टिकला. नव्या गाण्यांची मागणी बेंजोने भागवली. आणि ऑक्टोपॅडला निदान हात लागतो, डीजेला तोही लागत नाही. उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. चामड्यावर काठी मधोमध पडली की कडेला, तळवा दाबलेला होता की सैल, यावर ढोलाचा नाद पालटतो. मिडीत मात्र जोराच्या 127 पायऱ्या उरतात. ही उणीव भरायची तर वादकाने आवाज स्वतः निवडायला, बिघडवायलाही हवेत.

सुपारी घेणाऱ्याला ही चैन परवडत नाही, हे खरे. पण रोलँडचेच टीआर-808 हे 1980 चे तालयंत्र खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून बाजारात पडले, तेव्हा ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचलणारी अमेरिकेतली पोरेही काही श्रीमंत नव्हती. त्याच्या नकली धुमकीवरच त्यांनी हिप-हॉप उभे केले. मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये त्याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग बसवले. रोलँडच्याच एसपीडी-एसएक्ससारख्या पॅडमध्ये आता बाहेरचा आवाज भरता येतो. छबिन्यातली टिमकी नीट ध्वनिमुद्रित करून एका पॅडवर चढवायला एक सकाळ पुरेल. उरलेले पॅड सिनेमाला खुशाल ठेवावेत.