सूर्याजी पिसाळ : निवडणुकीतील निंदानामाचे व्याकरण

निवडणुकीच्या प्रचारातील चिखलफेकीविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन आढळते. एका प्रकारात लेखक नीतीच्या भूमिकेवरून हळहळ व्यक्त करतो आणि पूर्वीचे राजकारण किती सभ्य होते ते सांगतो. दुसऱ्या प्रकारात निंदेची शैली वाखाणली जाते. तिच्यातील उपमा, कोट्या आणि अतिशयोक्ती यांची उदाहरणे देऊन तिला गद्याच्या एका स्वतंत्र प्रकाराचा मान दिला जातो. आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’तील लेखनाविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातील बराचसा भाग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. ‘घणाघाती’ हे विशेषण वापरले की समीक्षकाचे काम संपले, अशी जणू आपली समजूत आहे. घण ज्याच्यावर उगारला होता त्याच्यावरच पडला काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील काही निंदानामे तपासावयाची आहेत. हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. येथील राजकीय स्मृती बऱ्याच अंशी सामाईक आहे, आणि शिव्यांचा साठाही सामाईक आहे.

निंदानामांपैकी सर्वांत बोधप्रद ते ‘सूर्याजी पिसाळ’. १९५५ च्या अखेरीस फलटण येथे यशवंतराव चव्हाण यांनी संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांतून निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूस राहू, अशा आशयाची भूमिका मांडली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले व चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठांवरून आणि अत्र्यांच्या लेखणीतून चव्हाणांना ‘सूर्याजी पिसाळ’ हे नाव मिळाले, आणि १९५७ च्या निवडणुकीत ते गावोगाव पोहोचले. आंदोलनात शंभरांहून अधिक माणसे प्राणांस मुकली होती. लोकांचा संताप खरा होता आणि त्याला कारणही होते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही त्या संतापास जे भाषिक रूप मिळाले ते तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे.

सूर्याजी हा वाई परगण्याच्या देशमुखी घराण्यातला. १६८९ मध्ये झुल्फिकारखानाने रायगड घेतला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती पडले. त्या वेळी देशमुखीच्या लोभाने सूर्याजीने किल्ला शत्रूच्या हवाली केला, अशी कथा नंतरच्या कथनांतून रूढ झाली. समकालीन कागदपत्रांवरून हा दोष सिद्ध होतो की नाही याविषयी इतिहाससंशोधकांत एकमत नाही. म्हणजे ज्या आरोपाच्या आधारे दुसरा आरोप करावयाचा, तो मूळ आरोपच वादग्रस्त आहे. परंतु निंदानामास याची फिकीर नसते. त्याला सिद्ध झालेला इतिहास लागत नाही, सर्वांनी ऐकलेली गोष्ट पुरते.

विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही मराठीतली जुनी प्रक्रिया आहे. ‘आमच्या घरी दोन कुंभकर्ण आहेत’ असे आपण सहज म्हणतो. ‘सूर्याजी’चेही तसेच झाले, ‘प्रत्येक पक्षात सूर्याजी असतात’ अशी वाक्ये आजही ऐकू येतात. युरोपात १९४० साली नॉर्वेच्या क्विस्लिंगचे आडनाव असेच फितुराचे सामान्यनाम झाले. पण त्याच्यावर पुढे १९४५ मध्ये रीतसर खटला चालला व शिक्षा झाली. सूर्याजीच्या वाट्यास असे न्यायालय आले नाही. शिवाय मराठी कानाला ‘पिसाळ’ या आडनावात ‘पिसाळणे’ हे क्रियापदही ऐकू येते. दोहोंची व्युत्पत्ती काही असो, सभेतला श्रोता कोश उघडून बसलेला नसतो. फितूर आणि पिसाळलेला असे दोन अर्थ एका उच्चारात मिळाल्याने हे नाव ‘बिभीषण’ किंवा ‘घरभेद्या’ यांपेक्षा पुष्कळ अधिक चालले, असे मला वाटते. (बिभीषणाची अडचण अशी की तो रामाच्या बाजूचा होता; शिवी म्हणून त्याचा उपयोग करणाऱ्यास हे सोयीस्करपणे विसरावे लागते.)

आता मुख्य मुद्दा. ‘चव्हाण हे फितूर आहेत’ हे विधान आहे. त्यात उद्देश्य आहे, विधेय आहे, आणि विधेय नाकारता येते. ऐकणारा विचारू शकतो की कोणता किल्ला दिला, कोणास दिला, बदल्यात काय मिळाले? या प्रश्नांची उत्तरे देताना वक्त्यास फलटणच्या भाषणाकडे, काँग्रेसच्या शिस्तीकडे, दिल्लीशी वाटाघाट करण्याच्या धोरणाकडे वळावे लागले असते, आणि वाद राजकीय झाला असता. परंतु एकदा नाव पडले की ते वाक्यात विधेयाच्या जागी राहत नाही, उद्देश्याच्या जागी जाते. ‘सूर्याजी पिसाळ काल कराडास येऊन गेले’ हे मी उदाहरणादाखल रचलेले वाक्य घ्या. यात सांगितले आहे ते कराडास येण्याविषयी. फितुरी सांगितलेली नाही, ती गृहीत धरली आहे. ‘ते काल आलेच नव्हते’ असे कोणी म्हटले तरी फितुरी जागच्या जागी राहते. स्ट्रॉसन या तत्त्वज्ञाने १९५० मध्ये गृहीतार्थाविषयी जे विवेचन केले त्याचा मराठी सभांतील प्रचारास लावून कोणी अभ्यास केल्याचे माझ्या वाचनात नाही. वस्तुतः त्याला याहून चांगले क्षेत्र सापडणे कठीण. न्यूयॉर्कच्या ज्या अभ्यासमंडळाने १९३७ मध्ये प्रचाराच्या सात युक्त्या वर्णिल्या, त्याने नावे ठेवण्यास पहिले स्थान दिले होते. पण नाव वाक्यात कोठे बसते याचा विचार त्या विवेचनात नाही, आणि माझ्या मते सारे मर्म त्या जागेत आहे.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते झाले व समितीने काळ्या निशाणांची निदर्शने केली. त्या दिवशी या नावाला जणू रंगभूमीच मिळाली. डोंगर शिवकालाचा, पाहुणा दिल्लीचा, आणि स्वागताला उभा असलेला मुख्यमंत्री देवराष्ट्रात जन्मलेला, कराडात वाढलेला, याच मातीतला. श्रोत्याच्या मनातील कथेत प्रत्येक पात्राची जागा आधीच ठरलेली होती. निदर्शकांचे म्हणणे मुंबई महाराष्ट्राला मिळावी हे होते, आणि ते म्हणणे न्याय्य होते. पण कथेची चौकट अशी की तीत मागणीला जागा उरत नाही. फितूर आणि स्वामिनिष्ठ एवढीच वाटणी राहते.

चव्हाण १९५७ मध्ये कराडातून अल्प मताधिक्याने निवडून आले. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली ती राज्याच्या प्रश्नावर. नावाने त्यात किती भर घातली हे मोजता येणार नाही. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ च्या नोव्हेंबरात चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि त्याच माणसाविषयी सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावला असे म्हटले जाऊ लागले. नाव गळून पडले. मात्र ते ज्याच्यावरून उचलले होते त्याच्यावरून गळले नाही. वाई-सातारा भागात पिसाळ हे आडनाव आजही आहे. त्या घरांतील माणसांनी १९५७ मध्ये कोणास मत दिले असेल ते असो. त्यांच्या आडनावाचा शिवी म्हणून वापर करण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले नव्हते. घण येथे पडला. अत्र्यांच्या शैलीचे कौतुक करणाऱ्या एकाही समीक्षकाच्या हिशेबात ही बाजू आलेली मला आढळली नाही, आणि ‘त्या काळाची गरज’ एवढे म्हणून हा हिशेब मिटत नाही.

याच भूमीतील दुसरे नाव वेगळ्या वाटेने गेले. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेले प्रतिसरकार ‘पत्री सरकार’ या नावाने अधिक ओळखले गेले. ‘प्रति’चे ‘पत्री’ होण्यात वर्णविपर्यय आहे. रकाराने जागा बदलली. पण ध्वनी बदलताच अर्थ चिकटला. बैलाच्या खुरास पत्री ठोकतात, आणि हे लोक माणसांच्या पायांना पत्र्या ठोकतात अशी भीती पसरविण्यास सरकार पक्षाला हे नाव उपयोगी पडले. तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा त्या चळवळीत होती. तेवढ्यावरून बाकीचे रचले गेले. तरीही लोकांनी नाव स्वीकारले, आणि अभिमानाने स्वीकारले. १९५७ मध्ये नाना पाटील साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले तेव्हा ‘पत्री’ हे त्यांच्या बाजूचे नाव होते. हा फरक का पडला? मला त्याचे कारण असे दिसते की श्रोत्यांनी गावोगावचे न्यायनिवाडे स्वतः पाहिले होते, सावकार आणि दरोडेखोर यांचे काय झाले हे त्यांना ठाऊक होते. नावाला ताडून पाहण्यास त्यांच्याजवळ अनुभव होता. १६८९ चा रायगड मात्र कोणीच पाहिलेला नव्हता.

‘खंजीर’ हे सांगलीचे. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ शरद पवार बाहेर पडल्याने कोसळले आणि १८ जुलै रोजी पवार मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर खुपसला’ हा वाक्प्रचार तेव्हापासून पवारांच्या नावामागे लागला. आणि गेल्या काही वर्षांत पक्षफुटीच्या प्रत्येक प्रसंगी तो कोणी ना कोणी कोणास तरी उद्देशून वापरला आहे. यातील कळीचा शब्द ‘खंजीर’ नसून ‘पाठीत’ हा आहे. विधिमंडळात पाठिंबा काढून घेणे ही उघड कृती आहे; तिचे औचित्य, तिचा हेतू, तिचे परिणाम यांवर वाद घालता येतो. ‘पाठीत’ म्हणताच ती कृती चोरून केलेली, मित्राच्या देहावर केलेली ठरते. १९७८ च्या घटनेवर कठोर टीका करण्यास जागा आहेच. पण जी टीका रूपकात बसते ती विधिमंडळाच्या संकेतांविषयी काही सांगत नाही, आणि म्हणूनच ती इतकी टिकली.

२०२२ चे ‘पन्नास खोके, एकदम ओके’ याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यात कर्ता नाही, क्रियापद नाही. एक संख्या, बाजारातील एक सांकेतिक शब्द आणि यमक एवढ्यावर ते उभे आहे. मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे हे सातारा जिल्ह्यातील दरे गावचे, त्यामुळे ‘गद्दार’ हा शब्द पुन्हा एकदा याच डोंगरात येऊन पोहोचला, एवढे नमूद करतो.

कायद्याची स्थिती येथे पाहण्याजोगी आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम १२३ पोटकलम (४) अन्वये उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचार ठरतो. मात्र ते वस्तुस्थितीचे विधान असले पाहिजे, आणि करणाऱ्याला ते खोटे आहे असे वाटत असले पाहिजे, किंवा निदान ते खरे आहे असे वाटत नसले पाहिजे. कायद्याने भाषेचे एकच रूप पाहिले आहे, ते म्हणजे सत्य वा असत्य ठरणारे वाक्य. ‘सूर्याजी’ हे सत्यही नाही, असत्यही नाही. ते नाव आहे. आचारसंहिता टीका धोरणे, कार्यक्रम आणि पूर्वीचे कार्य यांपुरती ठेवण्यास सांगते, पण नामकरण ही टीका मानावी की नाही याविषयी तीही मौन पाळते. कायदा विस्तारावा असे मी म्हणत नाही. नावांवर खटले भरू लागलो तर निम्मे मराठी राजकीय वाङ्मय न्यायालयात जाईल, आणि सत्तेवर असलेल्यांनाच त्याचा लाभ होईल. एप्रिल २०२३ मध्ये कोणाचेही नाव न घेता खोक्यांवर गीत रचणाऱ्या एका तरुण गायकावर गुन्हा नोंदविला गेला तेव्हा याची चुणूक दिसली. तक्रारदारानेच टोपी उचलून आपल्या डोक्यावर घातली.

निंदानामाशिवाय विरोधी प्रचार होतच नाही असे मात्र नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले यांनी राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात प्रवेश केला व पोटनिवडणूक लागली. रूढ शब्दकोश येथे निकामी होता. साताऱ्याच्या गादीच्या वारसाला सूर्याजीच्या रांगेत बसविणे या मतदारसंघात शक्य नव्हते. त्यांच्या आडनावातच प्रतिनाम दडलेले होते. १८ ऑक्टोबर रोजी भर पावसात केलेल्या भाषणात शरद पवार यांनी लोकसभेच्या उमेदवाराची निवड करताना आपली चूक झाली असे सांगितले आणि ती सुधारण्यास मतदार उत्सुक आहेत, असा आशय मांडला. पावसाचे कौतुक पुष्कळ झाले, वाक्यरचनेचे कोणी केले नाही. दोषाचा कर्ता प्रथमपुरुषी झाला, आणि प्रतिस्पर्धी त्या ‘चूक’ या नामाच्या पोटात गेला. ही निंदा नाही असे कोण म्हणेल? पण ते विधान होते, एका विशिष्ट निवडीविषयी होते, आणि त्याला उत्तर देण्यास जागा होती. श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजार मतांनी विजयी झाले. २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून उदयनराजे सुमारे ३२ हजारांच्या आधिक्याने पुन्हा लोकसभेवर गेले.

१९५७ च्या निवडणुकीतील हस्तपत्रके, पोवाडे व सभांच्या जाहिराती या दोन जिल्ह्यांतील जुन्या घरांतून, वाचनालयांतून व छापखान्यांच्या बाडांतून मिळण्याचा संभव अजून आहे. कागद हलक्या प्रतीचा असल्याने तो फार काळ टिकणार नाही. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतले तर प्रत्येक निंदानामाची नोंद ते वाक्यात उद्देश्याच्या जागी आले आहे की विधेयाच्या, अशी करावी. आणि मतदानाचा दिवस जवळ येईल तसतशी ही जागा बदलते काय, हे तारखांच्या क्रमाने पाहावे.