मूसाच्या कथेतील ‘यम्म’ : कुराणातील जलप्रतीकाचा एक विचार

धर्मकथांतील जलाचा विचार करताना अभ्यासक बहुधा एक सर्वसामान्य सूत्र गृहीत धरून चालतो. जल म्हणजे जीवन, जल म्हणजे शुद्धी, जल म्हणजे प्रलय आणि त्यातून होणारा पुनर्जन्म, हे ते सूत्र होय. मिर्चा एलिआदे यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मेतिहासविषयक फ्रेंच ग्रंथात या सूत्राची व्यापक मांडणी केली आहे. कुराणातील पैगंबरकथांना ते लावणे अवघड नाही. नूहचा प्रलय आहे, पेटीतून वाहत जाणारे मूसाचे अर्भक आहे, माशाच्या पोटातील यूनुस आहे. तथापि सूत्र लागू पडते एवढ्याने कथेचा अर्थ उलगडतो असे नाही. जलाची प्रतीकात्मकता खरोखर कोठे आहे हे पाहावयाचे तर ‘जल’ या कल्पनेकडून जलवाचक शब्दांकडे वळले पाहिजे.

कुराणात पाण्यासाठी ‘मा’, समुद्रासाठी ‘बह्र’ आणि नदीसाठी ‘नहर’ हे शब्द रूढ आहेत. ‘यम्म’ हा शब्द मात्र संपूर्ण ग्रंथात आठच वेळा येतो आणि आठही वेळा तो मूसाच्या कथेतच येतो. तो मूळचा अरबी नव्हे, असे मत जुन्या मुसलमान कोशकारांतही आढळते. आर्थर जेफ्री यांनी कुराणातील परकीय शब्दांचा जो कोश १९३८ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध केला, त्यातही त्याची नोंद आहे. हिब्रू ‘याम’ व सीरियाक ‘यम्मा’ ही त्याची जवळची भावंडे होत.

केवळ व्युत्पत्तीने मात्र प्रश्न संपत नाही. बायबलाच्या हिब्रू पाठात मोशेची पेटी ज्या नदीच्या काठी ठेवली जाते तिला ‘ये’ओर’ म्हटले आहे, तर सैन्य बुडते तो समुद्र ‘याम’ आहे. तेथे दोन जलाशयांना दोन शब्द आहेत. कुराणात अर्भक ज्यात सोडले जाते तेही ‘यम्म’ (२०:३९, २८:७) आणि फिरऔन ज्यात बुडतो तेही ‘यम्म’ (७:१३६, २०:७८, २८:४०, ५१:४०). शब्द कथेबरोबर बाहेरून आला असे मानले, तरी नदी व समुद्र यांना त्या एका शब्दाखाली आणण्याची योजना कुराणाची स्वतःची ठरते.

यावर असा आक्षेप संभवतो की, अरबी कोशांत ‘यम्म’चा अर्थ मोठा जलाशय असा व्यापक दिला आहे, म्हणून त्यात विशेष हेतू शोधू नये. परंतु तेवढाच व्यापक अर्थ ‘बह्र’ या शब्दातही आहे. गोड्या पाण्यालाही कुराण ‘बह्र’ म्हणते (३५:१२). केवळ व्यापक शब्दच हवा असता तर तो हाताशी होता. शिवाय दोहोंच्या उपयोगांत एक सूक्ष्म भेद दिसतो. सैन्य बुडणार असल्याच्या संदर्भात ‘बह्र’ही येतो (४४:२४), परंतु इस्राएलवंशीयांना वाट मिळते ती ‘बह्र’मध्येच. ‘यम्म’मधून कोणीही चालत पार होत नाही. त्यात टाकले जाते, बुडवले जाते, उधळले जाते. विसाव्या सूरेत तर लागोपाठच्या दोन आयतींत (७७ व ७८) कोरडी वाट ‘बह्र’ची आहे आणि पाठलाग करणाऱ्यांना झाकून टाकणारे पाणी ‘यम्म’चे आहे.

फिरऔन स्वतः ‘यम्म’ हा शब्द उच्चारीत नाही. त्रेचाळिसाव्या सूरेत (५१) आपल्या सत्तेचा दाखला देताना तो आपल्याखालून वाहणाऱ्या नद्यांचा, ‘अन्हार’चा, उल्लेख करतो. खालून वाहणाऱ्या नद्या हे कुराणातील स्वर्गवर्णनाचे ठरलेले अंग आहे. म्हणजे हा राजा नकळत स्वर्गाच्या धन्याची भाषा बोलत असतो. मालकीच्या भाषेत जे पाणी ‘नहर’ आहे तेच निवेदनाच्या भाषेत ‘यम्म’ आहे, आणि ‘यम्म’ कोणाच्या मालकीचे नाही. पेटी काठाला लावावी असे आज्ञार्थी रूप विसाव्या सूरेत त्यालाच उद्देशून योजिले आहे. नूहच्या कथेतही प्रलय ओसरताना पृथ्वीला व आकाशाला प्रत्यक्ष आज्ञा होते (११:४४). तेव्हा या कथांतील जल तारक नव्हे की मारकही नव्हे. ते आज्ञाधारक आहे. एलिआदे यांच्या सूत्रात जलाला स्वतःचे सामर्थ्य आहे. येथे मात्र ते सामर्थ्य काढून घेतले आहे, आणि नेमके येथेच ते सूत्र अपुरे पडते.

यूनुसच्या कथेने याला पुष्टी मिळते. मासा यूनुसला गिळतो तेव्हा त्याला ‘मुलीम’, म्हणजे दोषास पात्र, असे विशेषण लावले आहे (३७:१४२). फिरऔन ‘यम्म’मध्ये फेकला जातो तेव्हा त्यालाही तेच विशेषण आहे (५१:४०). ‘फेकणे’ या अर्थाचे क्रियापदही दोन्हीकडे एकच आहे. फिरऔन पाण्यात फेकला जातो, यूनुस पाण्यातून उजाड काठावर. दोष समान, क्रिया समान, परिणाम मात्र विरुद्ध. भेद पडतो तो यूनुसच्या ईशस्तवनाने. फिरऔनही बुडताना श्रद्धा प्रकट करतो, पण ती उशिराची म्हणून नाकारली जाते (१०:९०-९१). निर्णय माणसाच्या वर्तनावर होतो, पाण्याच्या गुणावर नव्हे.

आठवा उल्लेख सर्वांत अर्थपूर्ण आहे. सामिरीने घडविलेले वासरू जाळून त्याची राख ‘यम्म’मध्ये उधळण्यात येईल असे मूसा सांगतो (२०:९७). बायबलात ते चूर्ण पाण्यात मिसळून इस्राएलवंशीयांना पाजले जाते. कुराणात ते ‘यम्म’च्या स्वाधीन होते. एकाच सूरेत अर्भक, राजा आणि मूर्ती या क्रमाने तीन वस्तू एकाच शब्दाने निर्दिष्ट केलेल्या पाण्यात जातात, आणि तिसरी वस्तू वाचलेल्यांची आहे. एकदा वाचल्याने पाणी कायमचे आपल्या बाजूचे होते, असा समज या योजनेने खोडून काढला आहे.

अनुवादकाच्या दृष्टीनेही याचे महत्त्व आहे. भूगोलाशी प्रामाणिक राहून मराठीत एके ठिकाणी ‘नदी’ व दुसऱ्या ठिकाणी ‘समुद्र’ असे लिहिले, तर वाक्ये बिनचूक होतील आणि प्रतीक नाहीसे होईल. ‘अथांग पाणी’ अशासारखा एकच प्रयोग आठही स्थळी कायम ठेवणे श्रेयस्कर. या कथांतील प्रतीक वस्तूत नसून शब्दाच्या पुनरुक्तीत आहे. ती पुनरुक्ती राखणे हे अनुवादकाचे पहिले कर्तव्य ठरते.