‘अत्तदीप’ : दिवा, बेट आणि संघ

महाराष्ट्रात क्वचितच असा विहार असेल की ज्याच्या भिंतीवर, कमानीवर किंवा निदान दिनदर्शिकेवर ‘अत्त दीप भव’ ही अक्षरे आढळत नाहीत. लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाची कार्डे, वसतिगृहांची बोधचिन्हे, सर्वत्र ती आहेत. खाली मराठी अर्थही दिलेला असतो : स्वतःच स्वतःचा दिवा हो. पालीच्या वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो की हे वचन त्रिपिटकात नेमके कोठे आहे. त्याला द्यावे लागणारे उत्तर थोडे अवघड वाटते. या रूपात ते कोठेच नाही. हिंदी पट्ट्यात प्रचलित असलेले ‘अप्प दीपो भव’ तर अधिकच विलक्षण आहे. प्राकृतात ‘अप्प’ म्हणजे आत्मा हे खरे; परंतु पालीत ‘अप्प’ म्हणजे अल्प. पालीचे नियम लावले तर ‘छोटासा दिवा हो’ एवढाच उपदेश हाती लागतो!

विनोद बाजूला ठेवू. घोषवाक्याला व्याकरणाच्या तराजूत तोलणे हा या लेखाचा हेतू नाही. आपली तक्रार वेगळी आहे. या तीन शब्दांनी एका सुत्तातील आशयाचा अर्धा भाग उचलला आणि उरलेला अर्धा मागे ठेवला. जो मागे राहिला तोच आज, माणसे अस्वस्थ आणि समाज विस्कळीत असताना, अधिक आवश्यक आहे.

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी ‘अत्तदीप’ आणि ‘अत्तसरण’ या पदांना लागूनच ‘धम्मदीप’ आणि ‘धम्मसरण’ ही पदे योजली आहेत. दोन्ही जोड्या एका श्वासात येतात. त्यातील एक तोडून भिंतीवर लावली की ती व्यक्तिवादाची घोषणा होते. आणखी एक बाब सहसा ध्यानी घेतली जात नाही. समोर एकटे आनंद आहेत, तरी क्रियापद बहुवचनी आहे. उपदेश आनंदांच्या निमित्ताने सर्वांना, संघाला आहे. आपल्या घोषवाक्यातील ‘भव’ने ते बहुवचन पुसून टाकले.

आता ‘दीप’ या शब्दाविषयी. संस्कृतातील ‘दीप’ आणि ‘द्वीप’ हे दोन्ही शब्द पालीत ‘दीप’ असेच होतात. म्हणून दिवा आणि बेट असे दोन्ही अर्थ संभवतात. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’च्या अकराव्या खंडात दिवा हा अर्थ स्वीकारला आणि तो इंग्रजी शिकलेल्या भारतीय वाचकांत रुजला. चिनी परंपरेतही प्रकाशाचा अर्थ आहे, तेव्हा त्याला केवळ आधुनिक चूक म्हणता येत नाही. तथापि, पुरावा बेटाच्या बाजूने भारी आहे. बुद्धघोषाचार्यांच्या सुमंगलविलासिनीत या पदाचे स्पष्टीकरण महासमुद्रातील द्वीपाच्या उपमेने केले आहे. मध्य आशियात सापडलेल्या आणि वाल्डश्मिट यांनी संपादिलेल्या संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रात ‘आत्मद्वीप’ असे स्वच्छ रूप आहे. धम्मपदाच्या अप्पमादवग्गात मेधावी मनुष्याने पुराला बुडवता येणार नाही असे ‘दीप’ करावे, असे सांगितले आहे; पूर दिव्याला विझवील, बुडवण्याची भाषा बेटालाच शोभते. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात कप्प नावाचा माणव प्रवाहाच्या मध्यभागी उभ्या राहिलेल्या, जरामरणाने वेढलेल्या माणसांसाठी ‘दीप’ कोणते ते विचारतो. तेथे तर शंकेला जागाच उरत नाही. संयुत्तनिकायात निब्बाणाच्या पर्यायांमध्ये ‘दीप’ हा शब्द ‘लेण’, ‘ताण’ आणि ‘सरण’ यांच्या पंक्तीला बसतो. हे सारे आश्रयवाचक शब्द आहेत. त्यांपैकी ‘लेण’ आपल्या परिचयाचा आहे; कान्हेरी, कार्ले, जुन्नर येथे आपण जी ‘लेणी’ पाहायला जातो ती हीच, म्हणजे पावसापासून आसरा देणारी जागा.

अर्थातील हा फरक कोणाला पंडिती वाटेल. तो तसा नाही. दिवा अंधारातून एकट्याने चालणाऱ्याच्या हातात असतो. पुरातील उंच जागा एकट्याची नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागातील गावांनी जे पाहिले ते आठवावे. पाणी चढू लागले की माणसे उंच जागेकडे धावतात. तेथे गाव गोळा होते, गुरे येतात, चूल पेटते, कोणाचे म्हातारे आणायचे राहिले याची चौकशी सुरू होते. बेट म्हटले की इंग्रजी वाचनामुळे आपल्याला एकाकीपण आठवते. वैशालीच्या परिसरातील, गंगेच्या उत्तरेकडील पुराच्या प्रदेशातील माणसाला मात्र त्या शब्दाने पायाखालची घट्ट जमीन आठवली असेल.

हा अर्थ सुत्ताच्या प्रसंगाशी जुळतो काय, ही खरी कसोटी आहे. सुत्ताचा आरंभ युद्धाच्या सावटाखाली होतो. मगधराज अजातशत्रूला वज्जींचा उच्छेद करावयाचा आहे आणि त्याचा महामात्य वस्सकार ब्राह्मण भगवंतांकडे राजगृहाला येतो. भगवंत त्याला थेट उत्तर देत नाहीत. मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदांना ते वज्जींविषयी सात गोष्टी विचारतात : ते वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमतात काय, एकमताने बसून एकमताने उठतात काय, वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय, कुलस्त्रियांवर आणि कुलकुमारींवर जबरदस्ती होत नाही ना, आणि अशाच आणखी काही. या गोष्टी जोवर आहेत तोवर वज्जींची हानी नाही. वस्सकार ते ऐकतो आणि त्यातून स्वतःला सोयीचा धडा घेतो : वज्जींना युद्धाने नव्हे, तर फितवून किंवा आपसांत फूट पाडूनच जिंकता येईल. अट्ठकथेने पुढची कथा दिली आहे. वस्सकार लिच्छवींमध्ये जाऊन राहिला, एकाच्या कानात दुसऱ्याविषयी कुजबुजत राहिला आणि तीन वर्षांत असे झाले की सभेची भेरी वाजली तरी कोणी येईना.

येथे स्वतःच्या अनुभवातील एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी वस्तीत एकच विहार आणि एकच बुद्धजयंती होती. आज वस्तीत समित्या दोन आहेत, वर्गणीच्या पावत्या दोन आहेत, मिरवणुकाही दोन निघतात. दोन्ही मंडपांच्या कमानींवर ‘अत्त दीप भव’ लिहिलेले असते. भेरीची कथा वर्गात शिकवताना त्या दोन कमानी डोळ्यांसमोर येतात, हे कबूल केले पाहिजे.

वस्सकार निघून गेल्यावर भगवंत राजगृहाच्या परिसरातील भिक्षूंना उपस्थानशाळेत बोलावतात आणि तेच सात नियम थोड्या फरकाने संघाला लावतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. कोणी आक्षेप घेईल की ‘संघ’ या शब्दाला पारिभाषिक अर्थ आहे आणि गृहस्थांच्या समाजाला तो लावणे शास्त्रशुद्ध नाही. आक्षेप योग्य आहे. परंतु अपरिहानिय धम्म आधी सांगितले गेले ते एका गृहस्थ गणराज्याला, वैशालीच्या सारंदद चैत्यात; भिक्षुसंघाला ते नंतर मिळाले. एकत्र जमण्याचे मूल्य तथागतांनी चीवराच्या आत कोंडलेले नाही.

पुढे बेळुव गावी वर्षावास आला. तेथे पोहोचताच भगवंतांनी भिक्षूंना सांगितले की वैशालीच्या आसपास जेथे ज्याचे मित्र, परिचित आणि जिव्हाळ्याची माणसे असतील तेथे त्याने वर्षावास करावा. याच वर्षावासात त्यांना मरणप्राय दुखणे आले. ते बरे झाल्यावर आनंद म्हणाले की संघाविषयी काही सांगितल्यावाचून भगवंत परिनिब्बाण पावणार नाहीत, एवढाच धीर उरला होता. उत्तरात भगवंत आपली मूठ उघडून दाखवतात : आचार्यमुष्टी येथे नाही, राखून ठेवलेले काही नाही, वय ऐंशीचे, शरीर बांधून-जोडून चालवलेल्या जुन्या गाड्यासारखे. त्यानंतर ‘अत्तदीप’ आणि ‘धम्मदीप’ ही पदे येतात. म्हणजे ज्या उपदेशाचा आपण एकट्याच्या सामर्थ्याची घोषणा म्हणून उच्चार करतो, त्याच्या अगोदरच्याच भागात भिक्षूंना आपापल्या स्नेह्यांकडे पाठवलेले आहे. तथागतांनी ‘अनन्यशरण’ म्हटले ते व्यक्तिपूजेला उद्देशून; शेजाऱ्याला उद्देशून नव्हे. अत्तदीप कसे व्हावे याचे स्पष्टीकरणही तेथेच चार सतिपट्ठानांच्या रूपाने दिले आहे, तेव्हा ‘अत्त’ म्हणजे अहंकार नव्हे हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या लेण्यांतील शिलालेख या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांतील दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांच्या वर्षाच्या व्याजातून, म्हणजे दोनशे चाळीस कार्षापणांतून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण मिळावयाचे होते. हे सर्व निगमसभेत ऐकवून नोंदवले गेले. ध्यानासाठी डोळे मिटून बसलेल्या भिक्षूच्या अंगावरील वस्त्रामागे विणकरांच्या श्रेणीचा हिशेब उभा होता. श्रद्धा अशा हिशेबात उतरते तेव्हाच ती टिकते, असे निदान या लेखकाला वाटते.

श्रद्धेविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्याकडील बुद्धिवादी मंडळींना हा शब्द अडचणीचा वाटतो. याच सुत्तात नादिक गावचा प्रसंग आहे. तेथे मृत्यू पावलेल्या उपासक-उपासिकांची नावे घेऊन आनंद एकेकाची गती विचारतात. भगवंत सांगतात आणि मग म्हणतात की प्रत्येक मृत्यूनंतर येऊन असे विचारणे त्रासाचे आहे. म्हणून ते ‘धम्मादास’, धम्माचा आरसा, देतात. बुद्ध, धम्म आणि संघ यांवरील जाणून घेतलेला अढळ प्रसाद आणि निर्मळ शील, एवढे त्या आरशात पाहावयाचे. ही आंधळी श्रद्धा नव्हे. ज्याची त्याने स्वतः तपासावयाची आहे. पण तिच्या घटकांत संघ आहे. आरशातून संघ काढून टाकला तर जे उरते तो धम्मादास नव्हे.

७ डिसेंबर १९५६ हा दिवस या दृष्टीने पाहावा. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबरची. आठ आठवडेही झाले नव्हते तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवदीक्षित समाजाच्या डोक्यावरचे छत्र गेले. त्याच्या हाती ना पुरेसे भिक्षू होते, ना विहार. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथही छापून बाहेर आला नव्हता. अशा वेळी समाज पांगला असता तर इतिहासाला नवल वाटले नसते. परंतु दादरच्या अंत्यसंस्कारासाठी जमलेल्या जनसमुदायाने तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. शोकाच्या पुरात त्या माणसांनी पाय टेकवले ते त्रिशरणावर, आणि तेही सर्वांनी मिळून. पुढे वर्षभरात आलेल्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाने वारस नेमला नाही, धम्मालाच वारस मानले, या गोष्टीवर जो भर दिला आहे तो या पार्श्वभूमीवर वाचला की मन स्तब्ध होते.

२०२० सालीही विहारांची दारे बंद झाली. ७ मेची बुद्धपौर्णिमा घरोघरी झाली आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका असे सांगावे लागले. ‘अत्त दीप भव’चा पुकारा त्या वर्षी फार ऐकू आला. मात्र वस्तीतील ज्या घरात सगळेच आजारी होते तेथे डबा कोणी पोहोचवला, हे त्या घोषणेवरून कळत नाही.

भिंतीवरची अक्षरे खरवडून काढा असे आमचे म्हणणे नाही. पिढ्यानपिढ्या गुडघे टेकावयास लावलेल्या माणसाला ‘तू स्वतःच दिवा आहेस’ हे ऐकून जो ताठपणा लाभला तो पालीच्या कोणत्याही शब्दकोशापेक्षा मोलाचा आहे. आमची विनंती एवढीच की त्या शेजारी ‘धम्मदीप’ हे पद रंगवावे आणि वर्गात दोन्ही एकत्र शिकवावीत. त्यासाठी मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लान सुत्त हाताशी ठेवावे. ते आपल्याकडे फारसे वाचले जात नाही.

प्रसंग परिनिब्बाणानंतर लवकरचाच आहे. काळ पुन्हा धास्तीचा. प्रद्योत राजाच्या भीतीने अजातशत्रू राजगृहाची तटबंदी दुरुस्त करवीत आहे. भिक्षाटनाला अवकाश आहे म्हणून आनंद गोपक मोग्गल्लान ब्राह्मणाकडे जातात. तो विचारतो की गौतमाचे सर्व गुण अंगी असलेला एक तरी भिक्षू आहे काय. संवाद सुरू असतानाच बांधकाम पाहत फिरणारा आपला जुना परिचित वस्सकार तेथे येतो. तो विचारतो : मागे आधार म्हणून भगवंतांनी कोणी नेमला आहे काय? नाही. संघाने कोणी निवडला आहे काय? नाही. मग आधार नसताना तुमच्यात ऐक्य कसे? आनंद म्हणतात की आम्ही निराधार नाही. धम्म हा आमचा आधार आहे. म्हणजे काय, ते ही मूर्त भाषेत सांगतात. एका ग्रामक्षेत्राच्या आश्रयाने राहणारे आम्ही सगळे उपोसथाला एकत्र जमतो, पातिमोक्ख म्हणवून घेतो, कोणाकडून दोष घडला असेल तर धम्माप्रमाणे त्याच्याकडून वर्तन करवितो; आणि ते करविणारी व्यक्ती नसते, धम्म असतो.

ज्या माणसाने फूट पाडून एक गणराज्य संपवले त्यालाच हे उत्तर ऐकावे लागते. आपल्याला बरीच कामे आहेत असे सांगून वस्सकार उठून जातो. गोपक मोग्गल्लान मात्र तेथेच बसून राहतो आणि म्हणतो की आपण विचारले त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.