स्थळाचे तादात्म्य आणि आवाजाचे वय

ज्येष्ठ रॉक गायक एखाद्या लहानशा क्लबात गावयास उभा राहिला, की त्या प्रसंगाची समीक्षा बहुधा स्मरणरंजनाच्या सदरात जमा होते. श्रोता आपले तारुण्य आठवावयास येतो व गायक ते त्याला घटकाभर परत करतो, असे हे मत आहे. ते कितपत टिकते, हे एका निश्चित उदाहरणावर तपासून पाहणे इष्ट होय.

14 डिसेंबर 1999 रोजी पॉल मॅकार्टनी यांनी लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरील कॅव्हर्न क्लबात सुमारे 300 श्रोत्यांपुढे गायन केले. बीटल्स या त्यांच्या वृंदाचा तेथील अखेरचा कार्यक्रम 3 ऑगस्ट 1963 रोजी झाला होता. मध्यंतरी, 1973 मध्ये, ते तळघर बंद होऊन पुढे बुजविले गेले; 1984 मध्ये ते नव्याने उभारण्यात आले. अर्थात गायक ज्या वास्तूत परतला, असे म्हटले जाते, ती वस्तुतः उरलेलीच नव्हती.

सोस्यूरने तादात्म्याचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. रस्ता पाडून पुन्हा बांधला तरी तो तोच राहतो. त्याचे तादात्म्य द्रव्यावर नव्हे, तर इतरांशी असलेल्या संबंधांवर अवलंबून असते. उलट, चोरीस गेलेला पोशाख जुन्या कपड्यांच्या दुकानात आढळला, तर तो तोच ठरतो तो त्याच्या कापडामुळे. कॅव्हर्न पहिल्या प्रकारात मोडते, गायकाचा आवाज दुसऱ्या. तळघर पुन्हा बांधता आले. 57 वर्षांचा कंठ मात्र वापराच्या सर्व खुणांसह तोच होता.

विशाल मैदानावर ध्वनिवर्धक आणि पडदे यांच्या योगाने गायकही निव्वळ संकेत बनतो. त्याचे दुरून दिसणेच पुरेसे होते. चार हातांवरून ऐकताना श्वास, जोर व खरखर यांना अर्थ येतो. म्हणून क्लबातील श्रवण हे स्मरणापेक्षा परीक्षणाच्या अधिक जवळचे आहे.

गीतांची निवडही हेच सुचविते. त्या रात्री बीटल्सचे गीत एकच, तेही अखेरीस, गाइले गेले. उरलेला भर ‘रन डेव्हिल रन’ या त्याच वर्षीच्या संग्रहावर, म्हणजे मुख्यतः 1950 नंतरच्या दशकातील रॉक अँड रोलवर होता. कीर्तीपूर्वी ज्या गीतांवर कान घडला, त्यांकडे गायक पुन्हा शिष्य म्हणून वळला. श्रोत्यांचे तारुण्य परत करणे एवढाच हेतू असता, तर निवड नेमकी उलट झाली असती.

या विवेचनास एक मर्यादा आहे. कॅव्हर्नची निवड संकेतमूल्यासाठी झाली, हे उघड आहे; नव्या संग्रहाच्या प्रसिद्धीस तिचा उपयोगही झाला. शिवाय बहुसंख्यांना ही मैफल चित्रफितीवरच भेटली आणि तेथे सान्निध्य पुन्हा संकेतरूपच होते. तथापि त्यामुळे समीक्षकाचे काम बदलत नाही. जुना आवाज किती उरला, याची मोजदाद श्रोता स्वतः करतोच; उरलेल्या आवाजाने गीताचे काय केले, हे सांगणे समीक्षकाकडे येते.